हौदातलं शेवाळ हटत नाही : मोरचूद वाढवू, पाणी उपसू की हौदच बुजवू?

वरूड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदारांचं पत्र आलं आहे. वय साठीच्या घरातलं. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने २ वर्षांपूर्वी शेतातल्या घरामागे पोहण्याचा हौद बांधून घेतला. लांबी २४ फूट, रुंदी १२ फूट, तळ उतरता, सरासरी ४ फूट पाणी. आतून साधं सिमेंटचं प्लास्टर, सोबत वाळूचा छोटा फिल्टर. पाणी बोअरचं. यंदा फेब्रुवारीपासून ते आठवड्याला क्लोरीनच्या २ मोठ्या गोळ्या टाकताहेत. टेस्टची पट्टी क्लोरीन ठीक असल्याचं दाखवते, तरीही एप्रिलपासून पाणी दर पंधरवड्याला हिरवं होतं आणि कोपऱ्यांत काळे ठिपके धरलेत. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी बोर्डो या बुरशीनाशक फवाऱ्यासाठी आणलेला मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, दोनदा एकेक किलो टाकला. चार दिवस पाणी निवळलं, पुन्हा हिरवं झालं, वर प्लास्टरला निळसर-काळे डाग पडले आणि रोज सकाळी डुबकी मारणाऱ्या या गृहस्थांचे पांढरे केस हिरवट दिसू लागले. अ‍ॅसिडने कोपरे घासणाऱ्या सालदाराच्या हाताला फोड आले. आता कृषी केंद्रवाला तणनाशक टाकायला सांगतो, मेहुणे सगळं पाणी उपसा म्हणतात, आणि पत्नी म्हणते, ‘गावात टँकर येऊन राहिला अन् आपण पोहाचं पाणी फेकाचं? बुजवून टाका ते डबकं.’ त्यांचा प्रश्न असा : सगळ्यात जालीम औषध कोणतं, की खरंच हौद बुजवावा?

भाऊ, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय, ‘पट्टी बरोबर रंग दाखवते तरी शेवाळ येते, म्हणजे औषध कमी जोराचं आहे.’ पट्टीचं म्हणणं खरं आहे, पण त्यावरून औषध कमजोर आहे असं ठरत नाही. हौदात औषध भरपूर पडलंय. आतापर्यंत काय काय पडलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे मोजायचं राहून गेलंय. ते मोजलं तर आणखी जालीम औषधाची गरज पडणार नाही असं मला वाटतं, म्हणून आधी हिशेब मांडतो.

तुमच्या मापाच्या हौदात सुमारे ३२,६०० लिटर पाणी मावतं. तुम्ही वापरता ती टीसीसीए ९० या प्रकारच्या क्लोरीनची २०० ग्रॅमची गोळी पाण्यात विरघळली की क्लोरीन सोडते आणि मागे सुमारे ११० ग्रॅम सायन्युरिक अ‍ॅसिड ठेवून जाते. दुकानदार त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. क्लोरीन शेवाळाशी लढून संपतं, उन्हाने उडतं. सायन्युरिक अ‍ॅसिड मात्र कुठेच जात नाही. उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. पाणी वाफ होऊन गेलं तरी ते खाली उरतं आणि वरून बोअरचं पाणी सोडलं की त्यात पुढची भर पडते. फेब्रुवारी ते मे म्हणजे १७ आठवडे, ३४ गोळ्या, पावणेचार किलो सायन्युरिक अ‍ॅसिड. तुमच्या हौदात त्याचं प्रमाण आज ११५ पीपीएमच्या (लिटरला ११५ मिलिग्रॅमच्या) आसपास असणार. हवं असतं ३० ते ५०.

थोडं असेल तर ते उपयोगाचंच आहे. आपल्याकडच्या उन्हात नुसतं क्लोरीन तासाभरात अर्ध्यावर येतं, स्टॅबिलायझर त्याला धरून ठेवतो. पण प्रमाण वाढलं की तो इतकं घट्ट धरतो की शेवाळ मारायला क्लोरीन मोकळं उरतच नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असतं, माती परीक्षणाच्या कागदावर दिसतंही, आणि तरी संत्र्याची नवी पालवी पिवळी पडते, कारण ते मुळांना उचलता येत नाही. हौदातल्या क्लोरीनचं तसंच झालंय. पट्टी २ किंवा ३ पीपीएम दाखवते आणि डब्यावरच्या रंगपट्टीत त्याला ‘ठीक’ म्हटलेलं असतं. पण क्लोरीन किती हवं हे स्टॅबिलायझर किती आहे त्यावर ठरतं, साधारण त्याच्या साडेसात टक्के. ५० ला सुमारे ४ पीपीएम पुरतं, ११५ ला साडेआठच्या वर लागतं. म्हणजे पट्टी ठीक म्हणत होती तेव्हाही तुमच्या हौदात गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच क्लोरीन होतं. शेवाळ आलं तरी तुम्ही गोळ्या टाकत राहिलात, आणि प्रत्येक गोळीने पुढच्या गोळीचा जोर आणखी कमी केला. गोळ्यांवरच हौद चालवणाऱ्या पुष्कळ जणांचं असंच होतं. पहिला हंगाम छान जातो आणि दुसऱ्यात पाणी ऐकेनासं होतं.

आता मोरचूद. आपल्या भागात संत्रा बागायतदाराच्या घरी मोरचूद असतोच, आणि तो शेवाळ मारतो हेही खरं. म्हणून तो टाकणं साहजिक होतं. पण २ किलो मोरचुदात सुमारे ५१० ग्रॅम तांबं असतं. ते सगळं विरघळून राहिलं असतं तर तुमच्या हौदात लिटरमागे १५ मिलिग्रॅम तांबं झालं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. पोहणारी पोरं पाणी गिळतातच. यातलं बरंचसं तांबं तुमच्या क्षारयुक्त पाण्यात टिकलं नाही, प्लास्टरवर बसलं. निळसर-काळे डाग त्याचे, आणि केसांचा हिरवट रंगही त्याचाच. पांढऱ्या केसांवर तो दिसतो, नातवंडांच्या काळ्या केसांवर दिसत नाही, एवढाच फरक. आणखी एक गोष्ट आहे. मोरचुदाने मेलेलं शेवाळ पाण्यातच राहतं, तळाशी राखाडी गाळ होतं, आणि तो गाळ पुढचं क्लोरीन खात बसतो. चार दिवस निवळ आणि पुन्हा हिरवं, हे चक्र त्यामुळेच.

मोरचूद टाकल्यावर निवळलेल्या त्या पाण्याची मला हिरव्या पाण्यापेक्षा जास्त धास्ती वाटते. हिरवं दिसलं की माणूस पोरांना उतरू देत नाही. निवळ दिसलं की उतरू देतो, आणि त्या पाण्यात माणसाच्या अंगावरून, तोंडातून आलेले जंतू मारायला मोकळं क्लोरीन नसतं. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये कोमट गोड्या पाण्यातल्या अमीबामुळे मेंदूज्वराचे रुग्ण सापडले. हा अमीबा नाकात पाणी गेलं की मेंदूपर्यंत पोहोचतो. तो आजार दुर्मीळ आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण मे महिन्यात आपल्या हौदाचं पाणी कोमटच असतं, म्हणून क्लोरीनची बाजू लंगडी ठेवून चालत नाही.

तणनाशकाचा विचार पूर्णपणे सोडून द्या. ज्या पाण्यात माणसं उतरणार त्यात शेतीचं विष कोणत्याही मात्रेत घालायचं नाही. फवारणीचा पंप वापरून भिंतींवर काहीही मारायचं नाही, कारण त्या टाकीत आधीच्या औषधाचा अंश असतोच.

सालदाराबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, मला मात्र त्यावर थांबावंसं वाटतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. उघड्या हाताने, अनवाणी, खोल हौदात उतरून अ‍ॅसिड घासायला लावणं त्याच वाटेवरचं आहे. अ‍ॅसिडची वाफ जड असते, ती तळाशी साठते, आणि भिंतीला क्लोरीनचा अंश असेल तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. त्यांचे फोड डॉक्टरांना दाखवा. रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा आणल्याशिवाय पुढचं काहीच सुरू करू नका. आणि ही सगळी रसायनं आज तुमच्या कोठीत कुठे ठेवलीत ते बघा. ब्लिचिंग पावडर, क्लोरीनच्या गोळ्या, अ‍ॅसिड, युरिया आणि डिझेल एकाच कोठीत असणं हे शेतातल्या घरी नेहमीचं दृश्य आहे, आणि फार धोक्याचं. गोळ्या आणि ब्लिचिंग पावडर एकमेकांत मिसळल्या तर पेट घेऊ शकतात, स्फोटही होऊ शकतो. युरियाशी क्लोरीनचा संबंध आला तर स्फोटक संयुग तयार होऊ शकतं. प्रत्येकाचं मापटं वेगळं, जागा वेगळी, झाकण घट्ट.

आता पाणी उपसण्याचं. वहिनींचं म्हणणं तुम्ही थोडं वैतागून लिहिलंय असं वाटलं, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात विचाराची गोष्ट तीच आहे. वरूड-मोर्शीचा पट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखला जातो, बोअर खोल खोल चालल्यात, आणि दारावरून टँकरकडे जाणाऱ्या बाया त्यांना रोज दिसत असतील. त्यांचा आक्षेप पोहण्यावर नसावा, पाणी फेकण्यावर असावा. तुम्ही दोघंही एक धरून चालला आहात की उपसलं म्हणजे फेकलं आणि भरायचं म्हणजे बोअरमधूनच. दोन्ही तसं असण्याचं कारण नाही.

सगळं पाणी उपसायची गरज नाही. अर्धं काढून तेवढं नवं भरलं की सायन्युरिक अ‍ॅसिड ११५ वरून ५७ वर येतं, आणि तेवढं पुरे. अर्धं म्हणजे २ फूट, १६,३०० लिटर. मोठ्या संत्रा झाडाला मे महिन्यात रोज १०० लिटरच्या वर पाणी लागतं, म्हणजे दीडशे झाडांचं एका दिवसाचं ओलित झालं. ते बागेत गेलं तर तेवढा बोअरचा उपसा वाचेल. आधी आठ दिवस गोळ्या बंद ठेवा, म्हणजे क्लोरीन उन्हाने उतरेल. तांब्याची चिंता तुम्हाला वाटेल. या १६,३०० लिटरमध्ये फार तर १ किलो मोरचुदाएवढं तांबं आहे, १ टक्का बोर्डोच्या १०० लिटर फवाऱ्यात जातं तेवढंच. तुमच्या बागेने त्याहून कितीतरी जास्त पचवलंय. फक्त एका जागी ओतू नका, बुंध्याशी साचू देऊ नका, बागेत पसरून द्या किंवा बांधावरच्या कडुनिंब-सागाला द्या. भाजीपाल्याला नको आणि नाल्यात तर मुळीच नको. तांबं माशांना मारतं, नाल्याच्या खालच्या अंगाला कोणाची तरी जनावरं पाणी पितात.

हे आत्ता करा, कारण मृग तोंडावर आहे. रिकामे झालेले २ फूट बोअरने भरू नका, पावसाने भरू द्या. हौदाच्या तोंडावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की २,६८० लिटर पाणी थेट आत येतं. घराचं किंवा गोठ्याचं १,००० चौरस फुटांचं टिनाचं छत असेल तर त्याच पावसात त्यावरून सुमारे ९,००० लिटर उतरतं. पन्हाळ लावून पाइपने ते हौदात घेतलंत तर दीडशे मिलिमीटर पावसात हौद भरतो. पहिले दोन-तीन पाऊस बाहेर जाऊ द्या, छतावरची धूळ, पाला, पक्ष्यांची घाण निघून जाईल. हे पाणी बोअरच्या मानाने खूप हलकं, क्षार जवळजवळ नाहीतच. बोअरच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) जास्त, चुना जास्त, आणि विदर्भातल्या बऱ्याच भागांत त्यात नायट्रेटही जास्त असतं. शेवाळाला तर ते खतच आहे. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांना तर पावसाच्या पाण्याशिवाय चांगला पर्यायच नाही.

मेहुण्यांना एक सांगा. पावसाळ्यात हौद पूर्ण रिकामा ठेवायचा नसतो. काळी जमीन पाण्याने फुगते, भोवतालच्या भिजलेल्या मातीचा दाब भिंतींवर येतो, खालून पाण्याचा रेटा तळाला लागतो. आतल्या पाण्याचं वजन नसलं की भिंत तडकते, कधी तळ उचलला जातो. शेवाळासाठी हौद रिकामा करून पुढे हौदच दुरुस्तीला काढण्याची वेळ येऊ नये.

पाणी अर्ध्यावर असतानाच काळे ठिपके हाताशी येतात, ती संधी सोडू नका. तुमच्या वर्णनावरून ते काळं शेवाळच दिसतंय. हे खरं तर शेवाळाच्या जातीचे जिवाणू असतात, आणि खरबरीत सिमेंटचं प्लास्टर त्यांना फार आवडतं. ते प्लास्टरच्या बारीक छिद्रांत मूळ धरतात आणि वर बुळबुळीत, चिवट थर ओढून घेतात. नायलॉनच्या ब्रशने घासलं तर ठिपका तसाच राहतो. स्टीलच्या तारेच्या ब्रशने दाब देऊन घासलं की वरचा थर सोलल्यासारखा निघतो आणि बोटाला गर्द हिरवा, चिकट डाग लागतो. तसा डाग लागला तर ते शेवाळ. काहीच निघालं नाही, रंग तसाच राहिला, तर तो तांब्याचा डाग आहे आणि त्याला घासून उपयोग नाही. उघड्या भिंतीवरचे ठिपके असे फोडून घ्या, मग ताज्या ब्लिचिंग पावडरचा पाण्यात कालवलेला घट्ट लेप हातमोजे घालून त्यावर लावा आणि तासाभराने धुऊन टाका. लेप संध्याकाळी लावा, उन्हात तो लवकर निकामी होतो. मोकळ्या हवेत काम करा, आणि त्या दिवशी अ‍ॅसिडची बाटली हौदाच्या आसपासही नको. काही ठिपके दोनदा-तीनदा घासावे लागतील. काळ्या शेवाळाच्या बाबतीत रसायनापेक्षा ब्रशचं काम मोठं आहे, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

तोवर हौदाभोवती पोरं फिरकणार नाहीत असं कुंपण किंवा जाळी करा. अर्ध्या रिकाम्या हौदात पडूनही मोठी इजा होऊ शकते. वर शेडनेटही ताणा.

हौद भरला की पाण्याचा मुख्य उपचार. पण आधी मोजायचं साधन आणा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची बाटली असते, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे एवढं ती सांगते. नळाच्या पाण्याला ते पुरतं, तुमच्या कामाला नाही. तुम्हाला थेंब मोजण्याचं किट लागेल. पाण्यात पावडर टाकली की ते गुलाबी होतं, मग एकेक थेंब टाकत जायचं आणि रंग पूर्ण जाईपर्यंत थेंब मोजायचे. त्यातच सायन्युरिक अ‍ॅसिडची नळी असते. औषध मिसळलेलं पाणी दुधाळ होतं, ते नळीत हळूहळू ओतायचं, वरून बघायचं, आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की नळीवरचा आकडा वाचायचा. बोर्डो तयार करताना चुना-मोरचुदाचं प्रमाण तुम्ही नेमकं ठेवता, तुम्हाला हे जड जाणार नाही.

पीएच आधी ७.२ ते ७.४ वर आणा, क्लोरीन चढवल्यावर पीएचचं माप फसवं येतं. मग संध्याकाळी, सूर्य कलल्यावर, क्लोरीन द्या. सायन्युरिक अ‍ॅसिड ५७ असताना शेवाळ मारायला त्याच्या सुमारे ४० टक्के, म्हणजे २३ पीपीएम क्लोरीन लागतं. १० टक्क्यांचं द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट घेतलं तर तुमच्या हौदाला साडेसात लिटर. कॅन ताजा घ्या, उन्हात ठेवलेला नको, आपल्या उष्णतेत त्याचा जोर काही आठवड्यांतच खूप उतरतो. ते मिळालं नाही तर ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लिचिंग पावडरच, चालेल. ताजी, ३३ टक्क्यांची असेल तर सव्वादोन ते अडीच किलो लागेल. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी पावडर, ढवळून ठेवायची आणि वरची निवळी तेवढी हौदात सोडायची. मात्र टीसीएलने चुना आणि पीएच दोन्ही वाढतात, म्हणून माझी पसंती द्रवाला.

सगळ्यांचं चुकतं ते यानंतर. एकदा टाकून मोकळं व्हायचं नसतं. शेवाळ क्लोरीन खातं, आकडा खाली येतो, तो पुन्हा २३ वर न्यायचा. पहिले दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून भर घालायची. रोज भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागची बाजू, नळीचं तोंड घासायचं. फिल्टर जास्तीत जास्त वेळ चालू ठेवायचा आणि त्याचा दाब नेहमीपेक्षा ८-१० पीएसआय वाढला की उलटा धुवायचा. शेतीच्या थ्री-फेज लाईनवर ८ तास वीज आणि तीही कधी रात्री, ही तुमची अडचण खरी आहे. घासण्याची वेळ मोटार चालू असण्याशी जुळवा, म्हणजे सुटलेला गाळ फिल्टरमध्ये जाईल, पुन्हा तळाला बसणार नाही. पुढे छोटी सिंगल-फेज मोटार घरच्या मीटरवर घेता आली तर अर्धा त्रास संपेल.

शेवाळ मेलं हे डोळ्यांवरून ठरवू नका. अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा, पहाटे सूर्य निघायच्या आत पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, म्हणजे घट झाली तर ती कोणीतरी खाल्लेलीच असते. घट १ पीपीएमपेक्षा जास्त असेल तर शेवाळ अजून जिवंत आहे, पाणी आरशासारखं दिसत असलं तरी. घट त्याहून कमी, बांधील क्लोरीन (घाणीशी जखडून निकामी झालेलं) अर्ध्या पीपीएमच्या आत, आणि सगळ्यात खोल भागात टाकलेला रुपया काठावरून स्वच्छ दिसतो, या तिन्ही गोष्टी जमल्या की मग क्लोरीन ४ ते ६ वर उतरू द्या आणि तेव्हाच पोहायला उतरा. रुपया न दिसणाऱ्या पाण्यात पोराला कधीच उतरू देऊ नका. गढूळ पाण्यात बुडालेलं मूल ४ फुटांतही दिसत नाही.

यानंतर रोजच्यासाठी गोळ्या बंद. दर संध्याकाळी थोडं द्रवरूप क्लोरीन, सुमारे अर्धा ते पाऊण लिटर, किटवर बघून कमी-जास्त. गोळी फक्त चार दिवस गावाला जायचं असेल तेव्हापुरती. मोरचूद बागेसाठीच राहू द्या. हौदाचा काठ जमिनीपासून सहा इंच उचलून घ्या आणि भोवती नाली काढा, म्हणजे बागेतलं खताचं पाणी पावसात आत येणार नाही. शेवाळाचं खाणं तोडण्याच्या नावाने महागडी फॉस्फेट-नाशक द्रव्यं विकली जातात. बागेच्या मधोमध असलेल्या हौदाला त्याचा भरवसा धरू नका, खताचा अंश हवेने, पानांनी, पाण्याने येतच राहणार.

आणि हौद ठेवायचा की बुजवायचा? तुमच्या पत्रात मुलगा काय म्हणतो ते कुठेच नाही. हौद त्याच्या हौसेचा, नातवंडं वर्षातून महिनाभर येणार, आणि घासणं, मोजणं, वीज बघणं तुमच्याकडे आणि सालदाराकडे. एक दिवसाआड दहा मिनिटं मोजायला कोणी नक्की बसणार असेल तर हौद चालेल. तसं कोणी नसेल तर औषध बदलून काही होणार नाही, आणि हे मुलाशी मोकळेपणाने बोलायला हवं. त्याला बोलताना दोष देऊ नका, त्याने प्रेमानेच बांधलाय. किट आणि शेडनेट मात्र त्याच्याकडूनच मागवा. उन्हाळ्यात आपल्याकडे रोज सेंटीमीटरभर पाणी उडतं, तुमच्या हौदातून महिन्याला ८,००० लिटर. पोहणं नसेल तेव्हा वर शेडनेट असली तर त्यातलं बरंच वाचतं आणि क्लोरीनही टिकतं. वहिनींशी बोलताना हा आकडा पुढे ठेवा, आणि गावात टँकर सुरू असेल त्या महिन्यांत बोअरचं पाणी हौदात सोडायचं नाही असं तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. नातवंडांना मेमध्ये पाणी कमी मिळालं तरी कंबरभर पाण्यात ती खूश असतात.

मोजायला कोणीच नाही असं निघालं तरी बुजवायची घाई नको. चांगला बांधलेला हौद बागेसाठी पाण्याचा साठा म्हणून उभा राहू शकतो. तेव्हा क्लोरीन पूर्ण बंद करायचं, पोहणं कायमचं बंद, कुंपण पक्कं, आणि डासांसाठी आरोग्य केंद्राकडे गप्पी मासे मागायचे. फक्त तांबं असलेल्या या पाण्यात मासे टिकणार नाहीत, त्याआधी पावसाळ्यात हौद टप्प्याटप्प्याने पावसाच्या पाण्यावर पालटून घ्यावा लागेल.

म्हणून या दिवाळीपर्यंत निर्णय लांबणीवर टाका असं मी म्हणेन. हौद भरल्यावर किटने काढलेले चार आकडे मला कळवा : सायन्युरिक अ‍ॅसिड, पीएच, रात्रीचं क्लोरीन आणि पहाटेचं क्लोरीन. तुमच्या पाण्याला नेमकी किती मात्रा लागेल ते मग त्यावरून सांगता येईल.